रमणभाईच्या नावाची मूठ

१९ मे, सोमवार

रमणभाई आज सामान घेऊन आले. सामान म्हणजे दोन पिशव्या, एक टेबलफॅन आणि देवाचा फोटो. त्यांच्या मंडपाच्या गोडाऊनला कोर्टाचं सील लागलं. राहायची खोली गोडाऊनच्या वरच होती, तीही त्यातच गेली. फॅन त्यांच्या बायकोने माहेराहून आणलेला होता, ती वारली तरी हा चालतोय, म्हणून राहू द्या म्हणाले. कोर्टाच्या माणसाने राहू दिला.

जिजी बाजेवरून सगळं बघत होती. सासू माझी, पण सगळ्या गावाची जिजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ओट्यावरून पडली तेव्हापासून उभी राहिलेली नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन नको. मला एकटीला ती उचलवत नाही. तेव्हापासून र. रोज सकाळ-संध्याकाळ यायचे, तिला उचलून मोरीवर न्यायचे, परत आणून टेकवायचे आणि चहा घेऊन जायचे. आज पिशव्या बघून जिजी एवढंच म्हणाली, "आते येवा-जावानं पेट्रोल वाची."

चार दिवसांसाठी, असं ठरलंय.

२२ मे, गुरुवार

र. ओट्यावर झोपतात, मी आणि जिजी आत. दार उघडं ठेवते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं कोण कुठे आहे ते. या गर्मीत तसंही कोण दार लावतंय.

आज मशीनवर बसले आणि काय शिवायचं ते कळेना. इतकी वर्षं हातात र.च्या मंडपाच्या झालरी, पडदे, स्टेजच्या मागचं कापड. माझे हे होते तेव्हापासूनचं काम. हे गेल्यावर र.नी कधी काम कमी केलं नाही. वाढवलंच. त्यात दया होती की आणखी काही, ते मी तेव्हा विचारलं नाही, आता विचारून काय उपयोग. मग लॉन्स झाले, हॉल झाले, दारापुढे मंडप घालायला लोकांना लाज वाटायला लागली. र.नी फायनान्सवर मोठे लोखंडी मंडप घेतले, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लागतात तसले. घोडेबाजार वर्षातून एकदा आणि फायनान्सवाला दर महिन्याला. शेवटी नंदुरबारच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज. मंजूर झाला तेव्हा र. म्हणाले, सुटलो. मला वाटलं होतं तेव्हा, की खरंच सुटतात.

संध्याकाळी थोरल्या जाऊबाई डोकावून गेल्या. जिजीला बघायला. जिजीकडे एकदा बघितलं, फॅनकडे तीनदा.

१ जून, रविवार

पूनमचा फोन, सुरतहून. तिला आधीच कळलेलं. "मम्मी, ते काका अजून तिथेच आहेत?" म्हटलं, आजीला कोण उचलेल, तू येतेस का? म्हणाली, सासूबाई विचारत होत्या. सासूबाई काय विचारत होत्या ते काही सांगितलं नाही.

मुलीचा राग येत नाही. मीही तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. पण दमायला होतं. जिला जन्म दिला तिच्यापुढे उभं राहून हिशेब देताना फार दमायला होतं.

चार दिवस कधीच संपले. कोणीच विषय काढत नाही. मीही नाही.

९ जून, सोमवार

र.बरोबर नंदुरबारला वकीलसाहेबांकडे. मी येत नव्हते. वकिलांनीच बोलावलं होतं, "ज्यांच्याकडे राहता त्यांनाही आणा."

वकील तरुण आहे, भराभर बोलतो. कोर्टात र.ना लिहून द्यायचंय की सध्या राहता कुठे, जेवता कोणाचं. नादारी चालू आहे तोवर र.च्या नावावर जे काही असेल ते रिसीव्हरचं, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात. नवीन कमावलं तर तेही सांगायचं. एखाद्या घरात राहिले तर घेणेकरी म्हणणार, त्या घरात माल लपवला. म्हणून घरातलं काय कोणाचं, ते स्पष्ट हवं.

मग माझ्याकडे वळला. तुमचं उत्पन्न? म्हटलं, शिवणकाम, ते आता बंद. निराधार योजनेचा पगार येतो आणि रेशनच्या पिवळ्या कार्डावरचं धान्य. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, ताई, हे दोन्ही तुम्हाला विधवा म्हणून, घरात कमावतं कोणी नाही म्हणून. उद्या तहसीलात कोणी सांगितलं की यांच्या घरात पुरुष राहतो, तर चौकशी लागेल. लग्न केलंत तर पगार बंदच. लग्न न करता राहिलात तरी विचारणारच.

म्हणजे गंमत बघा. कोर्टाच्या कागदावर लिहायचं की मी यांना जेवू घालते. आणि तहसीलात ठरणार की हे मला पोसतात. ताट एकच. वांग्याची भाजी होती आज त्यात.

वकील शेवटी म्हणाला, लग्न करा नाहीतर वेगळं राहा, मधलं काही ठेवू नका. र. बाहेर येऊन रसाच्या गाडीपाशी उभे राहिले, ग्लास मला दिला आणि म्हणाले, "विमल, मी जातो कुठेतरी." मी म्हटलं, आधी बस पकडू.

१७ जून, मंगळवार

आज घराची झडती झाली. झडती हा शब्द त्यांनी वापरला नाही, पाहणी म्हणाले. बेलिफ आणि रिसीव्हरचा कारकून. साक्षीला म्हणून आबांना बोलावलं. आबा म्हणजे थोरले दीर, समोरच्या गल्लीत राहतात. बोलतात कमी, पण बोलले की तेच ठरतं.

अर्धवट शिवलेल्या झालरींचे दोन गठ्ठे माळ्यावर होते, लाल-पिवळ्या. कारकुनाने विचारलं, हे कोणाचं? खरं सांगितलं. कापड यांचं, धागा माझा, शिलाई माझी, शिलाईचे पैसे अजून मिळालेले नाहीत. कारकून हसला. "म्हणजे ताई, तुम्ही पण घेणेकरी. यादीत नाव घाला तुमचं." र. खाली बघत बसले होते. त्यांच्या घेणेकऱ्यांच्या यादीत त्यांना जेवायला वाढणारी बाई. मी म्हटलं, मला नाही घालायचं.

गठ्ठे बांधून सील केले आणि माझ्याच ताब्यात दिले. वापरायचे नाहीत, विकायचे नाहीत, उंदरांनी खाल्ले तर मी जबाबदार.

मग मशीन. कारकून मशीनभोवती फिरला. बिल आहे का? बिल कुठलं. पूनमच्या पप्पांनी तिच्या जन्माच्या वेळी आणलेली. मशीन गेली तर मी संपले. तेवढ्यात जिजी बाजेवरून, "ती मन्हा पोऱ्यानी लयेल शे. हात नको लावू तिले." कारकून म्हणाला, आजी, असं तोंडी नाही चालत. तेव्हा आबा पुढे आले. म्हणाले, मशीन माझ्या लहान भावाने घेतली, दुकानात मी बरोबर होतो, लिहा, मी सही करतो. आणि केली. सावकाश, पूर्ण नाव घालून. आबांची सही म्हटल्यावर बेलिफनेही मान हलवली, तो याच भागातला.

आबा जाताना र.शी बोलले नाहीत. पण चपला घालताना थांबले, जिजीची बाज भिंतीपासून जरा सरकवली, र.ना उचलायला जागा व्हावी म्हणून.

२८ जून, शनिवार

रेशनवाला आज मोठ्याने म्हणाला, तुमच्याकडे माणूस वाढला म्हणे, कार्डावर नाव चढवायचं का? रांगेतल्या बाया हसल्या. मी म्हटलं, चढव, पण धान्यही वाढव. तोही हसला. घरी आल्यावर निवडलेलं धान्य पुन्हा निवडत बसले. मला असलं बोलता येतं, पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

र. रोज कुठेतरी रोजंदारीच्या कामाला जातात. ज्यांचे मंडप आहेत त्यांच्याकडे, बांबू रोवायला. कालपर्यंत ज्यांना र. भाड्याने पडदे द्यायचे, त्यांच्याकडे मजूर. मी काही विचारत नाही. हाताला फोड येतात त्यावर खोबरेल लावते, म्हणजे बाटली पुढे सरकवते.

६ जुलै, रविवार

ओटा गळतो म्हणून र. आत झोपायला लागले. जिजीच्या बाजेच्या त्या बाजूला. एवढंच लिहिणार होते.

पण रोजनिशीत खोटं लिहायचं तर कशाला लिहायची. मला ते हवे आहेत. या वयात. सकाळी जिजीला उचलताना ते आधी तिच्या पायावरची गोधडी नीट करतात, लाज जाऊ नये म्हणून, ते बघून मला रडू येतं. पूनमच्या पप्पांनी माझ्यावर जीव लावला होता, पण आईच्या अंगावरची गोधडी कधी नीट केली नव्हती. दोन्ही खरं आहे. कोणाला कमी म्हणून लिहीत नाही.

११ जुलै, शुक्रवार

तहसीलातून निरोप. निराधारवाल्या सगळ्यांनी हयातीचा दाखला आणि विधवांनी 'पुनर्विवाह केलेला नाही' असं लिहून द्यायचं. दरवर्षीचंच आहे. तलाठी गावात येऊन घेणार, ऑगस्टमध्ये. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. माझ्या कागदावर पहिली सही दरवर्षी आबांची असते.

जिजीचा म्हातारपणाचा पगार वेगळा, तो जात नाही. पण त्यात तिची औषधंच भागतात. बाकी घर माझ्या पगारावर आणि पिवळ्या कार्डावर. र. आणतात ते आणतात, पण रोज काम नसतं, आणि वकिलाने बजावलंय की जे आणाल ते सांगत चला.

र.ना कागद वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, "पाट लावू या सरळ. लपाछपी कशाला?" पाट म्हणजे आपल्याकडचं विधवेचं लग्न, मंडप नाही, वाजंत्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे मंडप घातले या माणसाने आणि स्वतःचं लग्न मंडपाशिवाय. मी म्हटलं, पाट लावला की माझा पगार गेला, कार्ड गेलं, आणि तुमचा रिसीव्हर पुन्हा दारात. खाणार काय? ते म्हणाले, मग जातो. मी म्हटलं, जिजी?

दर वेळी बोलणं इथेच येऊन बसतं. जिजीच्या बाजेपाशी.

२४ जुलै, गुरुवार

ठरलं. ठरवलं म्हणजे र.नी. राखीला खांडबाऱ्याला बहिणीकडे जातील आणि तिथेच राहतील. तिकडे ओळखीचा एक मंडपवाला आहे. इकडे तलाठी येईल तेव्हा घरात पुरुष नसेल, मी कागदावर खरं लिहू शकेन, आबा सही करतील. नादारीचं कोर्टात सुटेल तेव्हा बघू. कधी सुटेल? वकील म्हणतो, दोन वर्षं, तीनही लागतील.

जिजीसाठी र. रोज संध्याकाळी मला शिकवतायत, कसं उचलायचं. गुडघ्यात वाकायचं, पाठीत नाही. तिचा हात आपल्या मानेवर घ्यायचा. जिजी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा म्हणाली, ही मला मारून टाकेल. तशी म्हणाली हसून, पण घाबरली होती.

सगळं शहाणपणाचं आहे. मला झोप येत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. आबांच्या घरी बसते, पण रोटाचा, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांचा, मान जिजीचा. ती जिवंत आहे तोवर मूठ तिनेच घालायची. म्हणून आज गव्हाचं टोपलं आमच्याकडे आणलं. थोरल्या जाऊबाई, त्यांची सून, मी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. तेवढंच दळायचं, त्याचेच रोट, ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्या कोणाला द्यायचे नाहीत. माझ्या घरातली मूठ हे गेल्यापासून बंद आहे. मी दरवर्षी टोपलं धरते आणि बघते.

जिजीला र.नी बाजेवर टेकवून बसवलं आणि ते बाहेर गेले. पुरुषांनी थांबायचं नसतं असं नाही, पण ते स्वतःहून गेले.

जिजीने आबांच्या नावाची मूठ घातली. मग दोन नातवांच्या. पणतूच्या. मग हात पुन्हा गव्हात. जाऊबाईंनी विचारलं, ही कोणाची, झाली की चौघांची. जिजीने मूठ वर धरलेली, दाणे सांडत होते.

"रमणनी."

जाऊबाई म्हणाल्या, जिजी, तो काय आपल्यातला आहे? जिजी म्हणाली, "माले रोज उचलस तो. त्यानी मूठ कसाले सोडू?" आणि सोडली टोपल्यात. वर सव्वाची चिमूट पण घातली, विसरली नाही.

जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. जणू मी सांगितलं होतं. मी काहीच सांगितलं नव्हतं. मला तर वाटलं होतं जिजीला आमचं कळत नाही. सूनबाईने गप्प टोपलं उचललं. एकदा पडलेली मूठ काढता येत नाही. गहू गव्हात मिसळले.

र.ना सांगितलं. ते ओट्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, म्हातारीने अडकवलं आपल्याला.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, गळ्यात पोत. दरवर्षी मागे र.च्या मंडपाची झालर लागायची, पैसे न घेता. यंदा ती माझ्याच माळ्यावर, सील लावलेली. र.नी जिजीच्या जुन्या लुगड्यांच्या चुण्या पाडून मागे बांधल्या. छान दिसत होतं. झालरीपेक्षा छान. बाया विचारत होत्या, कोणी केलं. मी सांगितलं नाही, जाऊबाईंनी सांगितलं. कसं सांगितलं ते लिहीत नाही.

जिजीला आबा आणि र. दोघांनी मिळून खुर्चीवरून नेलं.

दुपारी पंगत. रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. र. अंगणात भाऊबंदांच्या मागे उभे राहिले, बाहेरचा माणूस उभा राहतो तसे. रोजच्या जेवणाची गोष्ट वेगळी. पण रोट खाल्ला की तो माणूस घरातला, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. कोणी कागद मागत नाही त्याला.

पंगतीत एक ताट रिकामं होतं. जिजीने वाढायला लावलं होतं. आबांनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

र. आले. ताटावर बसले. समोर रोट. हात लावला नाही. मी भाजी वाढत होते, माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "विमल, खाऊ का?"

एवढ्या माणसांत माझं नाव घेतलं त्यांनी. लोकांसमोर कधी घेत नाहीत. सगळं ठरलेलं होतं, खांडबारा, राखी, खरं लिहायचा कागद. नको म्हटलं असतं तर ते पाणी पिऊन उठले असते, सगळं पुन्हा जाग्यावर आलं असतं. माझ्या हातात गंगाफळाचं भांडं होतं, ते पोळत होतं.

मी म्हटलं, "खा."

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाई तापीत शिरवून, म्हणजे विसर्जन करून, आलो. पाय दुखतात. पाणी खूप होतं, गढूळ.

वाटेत बाया माझ्याशी नेहमीपेक्षा चांगलं बोलल्या. एकीने र.चं नाव घेऊन थट्टाही केली, नवऱ्यावरून करतात तशी. मला ऐकायला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून भीती वाटली.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

र. सकाळच्या एसटीने खांडबाऱ्याला गेले. पिशवी एकच नेली. फॅन इथेच. जाताना जिजीला मोरीवर नेऊन आणलं, बाजेवर टेकवलं. मला म्हणाले, "तू सांगशील तसं. ये म्हटलं तर येईन, नको म्हटलं तर तिथेच." सगळं माझ्यावरच टाकून जायची पुरुषांची सवय. पण त्यांचंही बरोबर. गमवायचं आहे ते माझं. त्यांच्याकडे गमवायला उरलंय काय.

संध्याकाळी आबांकडे कागद घेऊन गेले. र. आता इथे नाहीत असं म्हणणार होते, खोटं नव्हतं ते. आबांनी चष्मा लावला, वाचलं, कागद घडी करून परत दिला. म्हणाले, "मशीनना कागदवर मी सही करी, ती खरी व्हती. यावर कशी करू? त्यानी रोट खादेल शे."

मी म्हटलं, आबा, आमचं लग्न झालेलं नाही. तहसीलात रोट विचारत नाहीत. म्हणाले, तहसीलात मी नाही विचारत, घरात विचारतो. रागावले नव्हते. उलट मऊ बोलत होते. पुढे म्हणाले, पाट लावायचा असेल तर मी उभा राहतो, पहिला मी. पण ही सही नाही करणार.

किती बरा माणूस. आणि किती अडचण केली त्याने. भांडणारा असता तर मी भांडले असते.

जाऊबाईंनी जाताना साखर दिली, चहाला संपली असेल म्हणून. दाराशी थांबून पाठीवरून हात फिरवला. काय बोलणार त्यांना.

१० ऑगस्ट, रविवार

जिजीला मी एकटीने उचललं. गुडघ्यात वाकून, पाठीत नाही. मोरीपर्यंत नेलं. परत आणताना दोघी दारात बसलो, मला पुढे जाववेना. ती माझ्या मांडीवर. शेजारची हाक मारल्यावर आली.

वकिलांना फोन केला. म्हणाले, ताई, साक्षीदार दुसरे घ्या, दोन माणसं कुठेही मिळतात. मिळतात, खरं आहे. रेशनवालासुद्धा सही देईल, वर बोलेलही. पण आबांनी नाकारलेल्या कागदावर दुसऱ्याची सही घेऊन मी या गल्लीतून कशी चालणार. कानबाईला पुढच्या वर्षी टोपलं कशी धरणार.

आणि लग्नाचं विचारलं. म्हणाले, लग्न झालं तर कोर्टाला कळवू, मशीनचा जबाब आहे, ती वाचेल. पगार मात्र त्याच महिन्यापासून बंद. मग खाणार काय, हे वकिलाला विचारायचं नसतं.

पूनमला सांगितलं सगळं. रोटाचं ऐकून तिकडून रडायचा आवाज. मला वाटलं रागाने. म्हणाली, "आजीने मूठ घातली?" म्हटलं, हो. "पप्पांनंतर पहिल्यांदा?" हो. मग म्हणाली, मला काही विचारू नको मम्मी, तुला हवं ते कर. आणि ठेवला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तलाठी उद्या येणार, शाळेत बसणार. कागद मशीनवर आहे. 'केला आहे / केलेला नाही', एक खोडायचं. सकाळपासून पेन फिरवतेय. दोन्ही खोटं आणि दोन्ही खरं, पण रकाना भरायची ही रीत नाही.

र.ना फोन केला नाही. काय सांगू ते ठरल्याशिवाय आवाज ऐकला तर दुसरंच बोलून जाईन. काल रात्री फॅन लावला होता. आवाज करतो, पण वारा बरा देतो.

जिजी सकाळपासून उठलेली नाही. चहा नको, पाणी नको, पाणी प्यायलं की मोरीवर जावं लागतं म्हणून. दुपारी मी पदर खोचला, वाकले, तिचा हात माझ्या मानेवर घेतला. तिने काढून घेतला. म्हटलं, जिजी, दिवसभर अशी राहशील का? शेजारणीला बोलावते.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "तो येई, मंग उठसू."

म्हटलं, तो नाही येणार, मी सांगितलंच नाही त्याला. जिजीने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं. गोधडी पायावरून सरकली होती, ती मी नीट केली.

फोन चार्जिंगला लावलाय. खांडबाऱ्याहून नंदुरबारकडे यायची शेवटची एसटी अजून सुटायची आहे.